चार्ल्सटनचं पाणी चुकलं

आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये कुणाही मराठी माणसाला फोटो काढायला कुठे जायचं असलं, की आधी काकांच्या बेसमेंटमध्ये उतरावं लागे. रजा नंतर, मोटेल नंतर, आधी काका. हातातल्या फोनमध्ये नकाशे येण्यापूर्वीचा हा काळ. आम्ही वेबसाइटवरून रस्त्याची पानं छापून न्यायचो. काका ती न वाचता टेबलावर पालथी घालायचे आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आखायला लागायचे. कुठल्या महिन्यात जायचं, कुठे उभं राहायचं, ऊन कुठल्या खांद्यावरून यायला हवं, सगळं. काकूंच्या मसाल्याचे डबे म्हणजे इमारती आणि हातातला टॉर्च म्हणजे सूर्य. टॉर्च सावकाश फिरवत ते हळदीच्या डब्याची सावली जिऱ्याच्या डब्यावर पाडायचे आणि म्हणायचे, "ही. ही वेळ. याच्या आधी गेलात तर गाढव, नंतर गेलात तर पर्यटक."

यातल्या एकाही ठिकाणी ते स्वतः गेलेले नव्हते.

"जाऊन काय करायचं?" ते विचारत. "फोटो आधी डोक्यात धुऊन व्हायला हवा. कॅमेरा नुसता सहीपुरता."

त्यांचा कॅमेरा जुना, रोलचा, वजनाने वरवंट्यासारखा. दर रविवारी तो पुसला जाई. त्यातून निघालेले फोटो मात्र एकाच विषयाचे: मागच्या अंगणातलं मेपलचं झाड. हिरवं, लाल, बोडकं, बर्फातलं. स्लाइड बघायला बोलावलं की ते झाड भिंतीवर एवढा वेळ थांबे, की काही वेळाने तेच आपल्याकडे बघतंय असं वाटायला लागे. माणसांचे फोटो ते काढत नसत. "माणसं हलतात, आणि मग कॉपी मागतात."

नोकरी त्यांनी मोटारींच्या कारखान्यात केली. गाडीचं दार लावल्यावर आवाज कसा यायला हवा, हे ठरवण्यात त्यांची सगळी वर्षं गेली. निवृत्त झाल्यावरही कान तसाच राहिला. ड्राइव्हवेत दार वाजलं की खाली बेसमेंटमध्ये त्यांना कळे कोण आलंय. माझ्या मिनीव्हॅनचं दार सरकलं की ते खालूनच ओरडत, "ये बाई! त्या दाराचं रबर बदल, रडतंय ते."

मी मराठी मंडळाच्या फोटोग्रुपमध्ये कशी, हेही सांगायला हवं. कलेची ओढ वगैरे काही नव्हती. मंडळाच्या नाटकात मला कुणी घेत नव्हतं आणि स्वयंपाकाच्या कमिटीतून कुणी सोडत नव्हतं. फोटोग्रुप ही पळवाट होती. नवऱ्याने हौसेने आणलेला डिजिटल कॅमेरा मी ताब्यात घेतला. माझ्या फोटोंत माणसांचे पाय घोट्यापासून गायब असतात आणि क्षितिज उजवीकडे कलंडलेलं असतं. "तू हे जहाजावरून काढतेस का ग?" असं काकांनी एकदा गंभीरपणे विचारलं होतं.

मला जमते ती व्यवस्था. ऑफिसात मी प्रोजेक्ट मॅनेजर. लोकांच्या मागे लागून कामं करून घेणं हा माझा पेशा आणि, घरच्यांच्या मते, माझा स्वभावदोष. सहल म्हणजे माझ्या लेखी एक एक्सेल शीट. ते पूर्ण भरलं की सहल झाली. प्रत्यक्ष जाणं हा उपचार. माझ्यात आणि काकांत फरक एवढाच, की मी वर पेट्रोलही जाळून येते.

त्या वर्षी काका-काकूंचं भारतात परत, पुण्याला जायचं ठरलं. नाताळापर्यंत घर विकायचं आणि निघायचं. ठरल्यावर थोड्याच दिवसांनी काकू माझ्याकडे आल्या. बाई बोलायला मोजकी. खुर्चीच्या टोकावर बसल्या, चहा नको म्हणाल्या.

"ह्यांना सांग. तुझं ऐकतात ते."

"माझं? काका?"

"म्हणजे ऐकत नाहीत," काकूंनी प्रामाणिकपणे दुरुस्ती केली, "पण तू बोलत राहतेस."

"काय सांगू?"

"एकदा मला समुद्रावर घेऊन चला म्हणावं. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मिशिगनचं सरोवर दाखवलं आणि म्हणाले, समुद्रच समज. समजले. पण मीठ नसलेल्या पाण्याला मी किती वर्षं समुद्र म्हणू?"

"आता परत जाताच आहात, कोकणात..."

"कोकणातला समुद्र माझ्या माहेरच्या दारात आहे. त्यासाठी नवरा लागत नाही. मला इथे जायचंय, ह्यांच्याबरोबर, एकदा तरी. पुण्यात लोक विचारतील अमेरिकेत दोघांनी काय काय पाहिलंत. काय सांगू? बेसमेंट?"

 अशा वेळी मी शीट उघडते.

ठिकाण शोधावं लागलं नाही. काकांच्या सगळ्या प्लॅनांत चार्ल्सटनचा प्लॅन लाडका. अमेरिकेच्या दक्षिणेतलं जुनं बंदर, लाकडी गॅलऱ्यांची रंगीत घरं, चर्चचे सुळके, आणि गावाला बिलगलेली खाडी. काका मूळचे हर्णैकडचे. बंदराच्या गावाबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा मऊ होई. त्या प्लॅनवर त्यांनी इतकं काम केलं होतं की तो कुणाला द्यायलाच ते तयार नव्हते.

"काका, चार्ल्सटनला जाऊ या."

"मी पाहिलंय."

"कुठे?"

त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

"काकूंनी नाही पाहिलं."

"तिला मी सांगितलंय सगळं."

"बरं. मग आम्हीच जातो काकूंना घेऊन. पण मला पहाटे उठणं होत नाही. जेवूनखाऊन आरामात दुपारी काढू फोटो."

"दुपारी!" काकांच्या हातातला टॉर्च टेबलावर आपटला. "अगं, दुपारी ते गाव म्हणजे नुसतं फटफटीत! मारायचंच असेल त्याला तर मेनूकार्डाचा फोटो काढ आणि ये!" ते बेसमेंटमध्ये एक फेरी मारून आले. "मी येतो. पण प्लॅन माझा. अक्षरशः. तुझं ते कोष्टक नाही."

मी हो म्हटलं. कोष्टक अर्थातच केलं. प्रवास, मोटेल, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, राइस कुकर, काकूंच्या गुडघ्याचा पट्टा. तारीख काकांनी दिली: कोजागिरी. त्याच आठवड्यातल्या शनिवारी आमच्या मंडळाची कोजागिरी होती. पौर्णिमा कुठल्याही वारी असो, मंडळ ती शनिवारीच साजरी करतं. काका म्हणाले, "तुमच्या सोयीने चंद्र उगवतो, तेव्हा तुम्ही दूध प्या. मी तिथीवर जाणार."

तिथीचं कारण भरती-ओहोटी. त्यांना हवा होता तो फोटो असा: सकाळचं पहिलं ऊन, खाडीचं पाणी पार आटलेलं, उघड्या चिखलावर कलंडलेल्या होड्या, कालवांनी भरलेले काठ. शीटमध्ये मी एक रकाना भरतीच्या वेळांचा ठेवला होता. "इंटरनेटवर मिळतात, मी छापते," म्हटलं.

त्यांची मुंज रीतसर झाली होती का, असं मी विचारल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"हर्णैच्या माणसाला भरती आता कॉम्प्युटर सांगणार? तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, सव्वाअकरा-बाराला भरती. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पाणी तळाला. माझ्या आजोबांनी या हिशेबावर होड्या घातल्या. एकही बुडाली नाही."

मी तो रकाना पुसला. नवऱ्याने दूध आणलं तरी त्याची तारीख पुन्हा बघणारी मी. पण होड्यांपुढे माझं काही चालेना.

दोन दिवस गाडी हाकून आम्ही चौघं पोचलो. काका, काकू, मी आणि माझा नवरा. नवरा नागपूरचा, स्वभावाने शांत, बोलतो कमी. पण एकदा बोलायला लागला की मध्ये थांबायची जागा त्याला सापडत नाही. काका त्याच्या शेजारी ॲटलास उघडून बसले होते आणि प्रत्येक वळण माझ्या छापील पानाच्या आधी सांगत होते. ती वळणं सगळी बरोबर आली, म्हणून माझा विश्वास आणखी घट्ट झाला.

पहाटे उठून, अंधार फिकट होत असताना, आम्ही खाडीकाठच्या रस्त्यावर गाडी लावली. काकांनी गळ्यात कॅमेरा अडकवला होता. आत नवा रोल होता, काकूंनी मला ते खुणेने सांगितलं. बुटक्या दगडी भिंतीपाशी ते गेले, पाय रोवून उभे राहिले आणि उजाडायची वाट बघू लागले. मी त्यांच्या मागे, कॅमेरा सरळ धरण्याचा प्रयत्न करत.

उजाडलं. समोर पाणी होतं. काठोकाठ, चकचकीत, आणि वर चढत असलेलं. चिखल नाही, कालवं नाही. होड्या ताठ उभ्या राहून डुलत होत्या.

काकांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "पाणी चुकलंय."

"काका, थोडं थांबू या का? उतरेल."

"उतरेल काय? उतरलेलं असायला हवं होतं! हे काय चाललंय इथे?" जणू समोर कुणी सुपरवायझर उभा होता.

तेवढ्यात माझं लक्ष मागे गेलं. आभाळ स्वच्छ, पावसाचा थेंब नाही, आणि रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं. माझ्या मिनीव्हॅनचे टायर अर्धे बुडायच्या बेतात होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक गृहस्थ कुत्र्याला कडेवर घेऊन त्या पाण्यातून आरामात चालत येत होता.

"मॉर्निंग!" तो म्हणाला. "फुल मून. हॅपन्स एव्हरी फॉल, मॅम. यू मे वॉन्ट टू मूव्ह दॅट व्हॅन."

गावातल्या कुत्र्यालासुद्धा जे माहीत होतं, ते माझ्या शीटमध्ये नव्हतं. नवरा चपला हातात घेऊन गाडी उंचावर न्यायला धावला. आणि काकू? काकूंनी भिंतीला टेकून बूट काढले, मोजे काढले, घडी करून बुटात ठेवले, सलवार वर खोचली आणि सरळ रस्त्यातल्या पाण्यात उतरल्या. वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारट आहे!" त्या ओरडल्या. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अहो, खारट आहे!"

"असणारच!" काका भिंतीवरून गरजले. "त्यात तुझं काय कौतुक?"

नवरा गाडी लावून परत आला तोवर काका भिंतीवर बसले होते आणि मला ऐकवत होते. "माझा प्लॅन आजवर चुकलेला नाही. एकसुद्धा. विचार कुणालाही. नायगारा विचार, शिकागो विचार. परत येऊन माणसं काय म्हणतात? 'अगदी तुम्ही सांगितलंत तसंच, काका.' मग आज हे असं कसं?"

माझ्या नवऱ्याने घसा साफ केला. या आवाजाची मला घरी भीती वाटते.

"काका, खरं सांगू का," तो म्हणाला. "नायगाराला सूर्य दुसऱ्या बाजूला होता."

"काय?"

"म्हणजे मी गेलो होतो ना मित्रांबरोबर. तुम्ही सांगितलं तिथे उभं राहिलं की डोळ्यांत ऊन. मग आम्ही पलीकडे जाऊन काढले. आणि शिकागोची ती जागा, ती एका माणसाच्या घराचं अंगण आहे. त्याने आमच्या ग्रुपमधल्या दोघांना हाकललं. त्या तळ्याला तर..."

"पुरे!" मी म्हटलं.

"...तळ्याला तर तुम्ही म्हणालात त्या बाजूला रस्ताच नाही," त्याने वाक्य पुरं केलं.

काकांचा चेहरा कोरा झाला. "मग परत येऊन 'तसंच' का म्हणालात?"

"आता तुम्ही एवढं मनापासून आखून देता. मोठं माणूस. तोंडावर कसं सांगायचं? आणि काकू अळूवडी करतात."

"कोण कोण?"

"सगळेच."

सगळेच नव्हे. मी नाही. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की अख्ख्या ट्रॉयमध्ये काकांच्या प्लॅनवर खरा विश्वास ठेवणारी एकमेव व्यक्ती मी होते. आम्ही त्यांच्या आखणीवर डोंगरात गेलो होतो तेव्हा दाट धुकं होतं, हाताचं बोट दिसलं नाही. मी परत येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, धुकं नसतं तर काय फोटो आला असता! लोक माना डोलवून हसले होते. मला वाटलं होतं, हेवा.

काका उठले नाहीत. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी भिंतीच्या दगडावर पाण्याच्या रेषेशी खूण केली. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मी बघतो हे किती वाजता उतरतं ते."

"काका, दहाला घोडागाडी बुक केली आहे. मग इथली नावाजलेली लोखंडी फाटकं, मग..."

"जा म्हटलं ना."

काकू ओल्या पायांनी आल्या आणि त्यांच्या शेजारी भिंतीवर बसल्या. "आम्ही आहोत इथे," त्या म्हणाल्या. "पुऱ्यांचा डबा तेवढा ठेवून जा."

मग मी आणि नवऱ्याने ते ऐतिहासिक शहर माझ्या शीटबरहुकूम पाहिलं. घोडागाडीतून मी काढलेल्या बहुतेक फोटोंत घोड्याचा मागचा भाग आहे. रंगीत घरांच्या रांगेपुढे मी उभी राहिले तेव्हा ऊन फटफटीत होतं. काकांचं तेवढं बरोबर होतं. दुपारी उशिरा आम्ही खाडीकाठी परतलो, तेव्हा दोघं त्याच जागी होते. पाणी पार खाली गेलं होतं. चिखल उघडा, होड्या कलंडलेल्या, काठावर कालवं.

"...कालवं कोयत्याने नाही हो फोडत," काकू सांगत होत्या. "आमच्याकडे त्याला वेगळी कोयती असते. लहानशी. तुमच्याकडे काय मुसळाने फोडत होते?"

"मग आई करायची ते काय होतं?"

"ते तुम्हाला नाहीच आठवायचं. तुम्ही खाऊन उठायचात."

काका हसले. मला पाहून लगेच गंभीर झाले. "सकाळी साडेआठ-नऊला भरती, दुपारी अडीच-तीनला ओहोटी. प्रत्येक बंदराचं गणित निराळं असतं. आजोबांनी दुसरं बंदर पाहिलंच नव्हतं." मग जरा थांबून, "मीही नाही."

"आता काढता का फोटो? पाणी बरोबर आहे."

"ऊन उलटं आहे," ते म्हणाले आणि कॅमेरा पिशवीत ठेवला.

परतीच्या वाटेवर ते ॲटलास मिटून बसले होते. वळणं मला छापील पानांवरून सांगावी लागली आणि मी त्यातली बरीच चुकवली. कुठल्याशा रेस्ट एरियात आम्ही संत्री सोलत बसलो असताना ते एकदम म्हणाले, "घराचं जरा लांबवावं लागेल."

"का?" मी विचारलं.

"सगळे प्लॅन तपासायला हवेत. असे चुकीचे मागे ठेवून जाणार का मी?"

"तपासायचे म्हणजे... जागेवर जाऊन?"

"नाहीतर काय, फोनवर?"

काकूंनी मान वर केली नाही. संत्र्याच्या फोडीवरची पांढरी शीर अगदी निगुतीने काढत म्हणाल्या, "असू दे बाई. मला काय, नेतील तिथे जाईन."

त्या हिवाळ्यात मला फोन यायला लागले. पहिला नायगाराहून. "अगं, खरंच सूर्य पलीकडे आहे! हे फार चिडलेत," काकूंचा आवाज नुकत्याच लग्न झालेल्या मुलीसारखा. मग शिकागोहून: "त्या अंगणवाल्याने आम्हाला कॉफी दिली. प्लॅन साफ चुकलाय." बर्फ वितळल्यावर ते पश्चिमेकडे निघाले. प्रत्येक मुक्कामावरून प्लॅन चुकल्याची बातमी येई, मी अभिनंदन करी, आणि पुण्याची तिकिटं पुढे जात. मंडळात मी सांगत फिरत होते की काकांना बाहेर मी काढलं. प्रत्यक्षात ते काम पौर्णिमेच्या भरतीने फुकटात केलं होतं, पण श्रेय घ्यायची मला ऑफिसातली सवय.

वसंत ऋतूत एका रविवारी यूटाहून फोन आला. काकू मोटेलच्या कोपऱ्यातून कुजबुजत होत्या.

"अगं, घात झाला."

"काय झालं? गुडघा?"

"बरोबर निघालं."

"काय बरोबर निघालं?"

"सगळं! ती दगडाची कमान, तिची सावली, वेळ. जिथे उभं राहा म्हणाले तिथून हुबेहूब. हे इतके खूश आहेत की बोलायची सोय नाही. म्हणतायत, म्हणजे बाकीचेही बरोबरच असणार, आता पुढे जायची गरज नाही. उद्याच मागे फिरू, घराच्या एजंटला फोन करू." मग आणखी हळू, "कॅलिफोर्नियाचा अख्खा किनारा राहिलाय ग."

मी क्षणभर विचार केला.

"काकू, फोन त्यांना द्या."

काका फोनवर आले ते वाजतगाजत आले. "ऐकलंस का? हुबेहूब! तुझ्या नवऱ्याला सांग!"

इतक्या माणसांनी इतकी वर्षं ज्या माणसाला तोंडावर 'अगदी बरोबर' म्हटलं, त्याला, तो खरोखर बरोबर असताना, मी म्हटलं, "काका, तुमचं चुकतंय."



"कुठे?"

"एक बरोबर आला म्हणून बाकीचे बरोबर, हे कशावरून? एका बंदरावरून दुसऱ्याचा हिशेब केला, म्हणून तर चार्ल्सटन झालं. माझ्या ऑफिसात एवढ्याशा पुराव्यावर कुणी कागद पुढे सरकवत नाही."

 दारांच्या आवाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला 'पुरावा' हा शब्द लागतो, हे मला माहीत होतं. मग फोन बाजूला न करताच ते म्हणाले, "अगं, कॅलिफोर्नियाचा नकाशा कुठल्या बॅगेत आहे?"

"शोधते हं," काकू म्हणाल्या. आणि लगेच कागद उलगडल्याचा आवाज आला, इतक्या लगेच, की तो आधीपासून त्यांच्या हातातच असावा.